चाळिशीनंतर क्राव मागा : राजारामपुरीतील एका वर्गात घालवलेले सहा महिने

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी स्वसंरक्षण शिकायचे ठरवले, तेव्हा पेठेपेठेत तालीम असलेल्या कोल्हापुरात पर्यायांना काय तोटा, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात कराटेच्या दोन वर्गांत मला आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहावे लागणार होते आणि त्यांपैकी एका ठिकाणी तर "मुलीचं नाव काय, मॅडम?" असे विचारत प्रवेशअर्ज पुढे करण्यात आला. मर्दानी खेळाचाही विचार केला. लाठी, दांडपट्टा, फरी-गदका यांचे मला लहानपणापासून वेड आहे. पण लक्ष्मीपुरीतील पतसंस्थेतून दिवसाचा हिशेब जुळवून रात्री आठनंतर स्कूटरवरून घरी निघणाऱ्या बाईला लाठी बरोबर नेता येत नाही. शेवटी राजारामपुरीच्या एका गल्लीत, दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर भरणाऱ्या क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीच्या वर्गात नाव घातले. वर्गाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडणार आहे त्या सरांना समक्ष सांगून झाल्या आहेत. मात्र प्रौढ वयात अशा वर्गाकडे वळणाऱ्या कोणालाही काय पारखून घ्यावे हे कळावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसात ते नऊ अशी वेळ आहे, म्हणजे त्या तीन दिवशी मला कार्यालयातून तासभर लवकर निघावे लागते. तीन महिन्यांची फी चार हजार रुपये असून हातमोजे, नडगीचे पॅड आणि दातांचे गार्ड यांचा खर्च वेगळा पडतो. दातांचे गार्ड गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवावे लागते, हे मला कोणीच सांगितले नव्हते. पहिला आठवडा मी ते तसेच तोंडात कोंबून ओकाऱ्या काढत होते. वर्गात आम्ही चौदा जण आहोत. त्यांत सहा स्त्रिया, एक निवृत्त शिक्षक आणि औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारे दोघे आहेत, त्यामुळे वयाचा संकोच पहिल्याच दिवशी गळून पडतो.

क्राव मागा या हिब्रू शब्दांचा अर्थ अंगाला अंग भिडवून केलेली झुंज असा आहे. या पद्धतीचा जनक इमी लिश्टेनफेल्ड १९१० साली बुडापेस्टमध्ये जन्मला आणि ब्रातिस्लाव्हात वाढला. वडील आधी सर्कशीत कसरती आणि कुस्ती करणारे, नंतर पोलिस खात्यात. मुलगा स्वतः मल्ल आणि मुष्टियोद्धा. १९३० च्या दशकात ज्यू वस्तीवर चालून येणाऱ्या टोळ्यांशी रस्त्यावर दोन हात करताना त्याला उमगले की, पंच, वेळ आणि नियम नसतात तिथे आखाड्यातले कौशल्य आहे तसे चालत नाही. पुढे इस्रायलच्या सैन्याला प्रशिक्षण देताना त्याने ही पद्धत घडवली आणि सैन्यातून निवृत्त झाल्यावर सामान्य नागरिकांसाठी ती सोपी केली. एका मल्लाने कुस्तीच्या मर्यादा ओळखून घडवलेली ही विद्या असल्याने, ती कोल्हापुरात शिकताना मला ती परकी वाटली नाही. कुस्तीचेच माप तिला लावण्याचा मोहही त्यामुळेच आवरला नाही.

माझे वडील शिवाजी पेठेतील तालमीत जात असत. मुलींनी आत जायचे नाही, अशी तेव्हाची रीत असल्यामुळे ताक, तेल, हळद घालून मळलेली हौद्यातली लाल माती मी दारातूनच पाहिली. पण एक गोष्ट दारातूनही दिसत असे. समोरचा माणूस रोज तुम्हाला पाडण्यासाठीच उभा असतो आणि डाव लागू आहे की नुसताच दिसायला देखणा, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. स्वसंरक्षणाच्या वर्गातही हेच तपासायला हवे. जोडीदार खरोखर विरोध करतो का, की हात धरून तो सुटण्याची वाट पाहत उभा राहतो?

या कसोटीवर वर्गाचा पहिला अर्धा भाग पुरेपूर उतरतो. मुठीऐवजी तळहाताच्या टाचेने मारायला शिकवतात, कारण सराव नसलेल्याची मूठ कवटीवर आदळली, तर करंगळीच्या मागचे हाड मोडण्याची भीती असते. मनगट धरले गेले, तर ते धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या दिशेने फिरवून सोडवायचे, कारण पकडीचा कच्चा दुवा तोच असतो. गळा आवळला गेला, तर दोन्ही हातांचे आकडे करून ते अंगठ्यांपाशी झटक्यात ओढायचे आणि त्याच क्षणी लाथ किंवा गुडघा घालायचा. बचाव संपल्यावर हल्ला असा क्रम नसून दोन्ही एकदमच, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. घाबरलेल्या माणसाच्या बोटांना नाजूक कामे जमत नाहीत, म्हणून हालचाली ठोकळ आणि थोड्या ठेवल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून सरांनी जोडीदारांना पकड सैल न करण्याची ताकीद दिली आणि त्या दिवशी माझ्या नऊ प्रयत्नांपैकी सात फसले. मला वाईट वाटण्याऐवजी फी वसूल झाल्यासारखे वाटले.

पडण्याचा सराव हा मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. हनुवटी छातीला टेकवायची, मागे हात रोवायचा नाही, दोन्ही हातांनी जमिनीवर थाप देत धक्का पसरवायचा आणि उठताना पाय समोरच्याकडे ठेवून, एक हात चेहऱ्यापुढे धरून उभे राहायचे. जुलैच्या पावसात पंचगंगा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय सटकला, तेव्हा हनुवटी आपोआप आत गेली आणि कंबर दुखावली तरी डोके वाचले. आजवर वर्गाचा मला झालेला प्रत्यक्ष उपयोग तेवढाच आणि तो पुष्कळ आहे.

दुर्दैवाने याच भागासाठी लागणारी सोय अपुरी आहे. ज्यूदोसाठी साधारणपणे ४० मिलिमीटर जाडीच्या गाद्या वापरतात. येथे बालवाडीत अंथरतात तशा, एकमेकींत अडकवायच्या फोमच्या चटया असून त्या जेमतेम २० मिलिमीटर जाड आहेत आणि जोर लागला की सांध्यावर उकलतात. दुसऱ्या महिन्यात अशाच फटीत पाय अडकून माझे मनगट मुरगळले. सरांनी लगेच बर्फ दिला, घरी फोन केला, हे खरे. पण अंग गरम करण्यासाठी दिलेली सात-आठ मिनिटे विशीतल्या मुलांना पुरत असतील, चाळिशीच्या गुडघ्यांना पुरत नाहीत, हे त्यांना पटायला आणखी महिना गेला.

खरा आक्षेप मात्र सुरीच्या धड्यांविषयी आहे. जिन्यापाशी लावलेल्या फलकावर एक तरुण हल्लेखोराच्या हातातली सुरी सहज काढून घेताना दाखवला असून तीन महिन्यांत निष्णात करण्याचे आश्वासन त्याखाली आहे. वर्गातही सुरुवातीला तसेच चालत असे. जोडीदार रबरी सुरी घेऊन एक पाऊल पुढे येई, एकच वार करी आणि हात पुढे ताणून थांबे, मग आपण मनगट धरून सुरी काढून घ्यायची. रंगपंचमीचा उरलेला रंग मी एका बुधवारी डब्यात घालून नेला आणि तो ओला करून सुरीच्या कडेला लावावा, जोडीदाराने थांबू नये, हवे तितके वार करावेत, अशी विनंती केली. सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग हो म्हणाले. अर्ध्या मिनिटानंतर माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर अकरा रेघा होत्या, त्यांतील दोन गळ्यापाशी. रात्रपाळीवाल्यांपैकी एक जण "ताई, तुमचा पंचनामाच करायला पाहिजे की!" म्हणाला आणि सगळे हसले. त्यानंतर सरांनी स्वतः हातमोजे काढले आणि माझ्या जागी उभे राहिले. त्यांनी सुरी काढून घेतली खरी, परंतु त्यांच्या हातांवर आणि पोटावर मिळून चार रेघा उमटल्या होत्या.

पुढच्या सोमवारपासून सुरीचा धडा पळण्याने सुरू होऊ लागला. अंतर वाढवणे, मध्ये खुर्ची किंवा स्कूटर आणणे, पाकीट दूर फेकून उलट दिशेला जाणे, ओरडणे, आणि पळायला वाटच नसेल तर सुरीचा हात धरण्याची झुंज. शिक्षकाने भर वर्गात आपली चूक मान्य करून पाठ बदलावा, हे मी फार ठिकाणी पाहिलेले नाही, आणि वर्ग न सोडण्याचे माझे कारण तेच आहे. फलक मात्र अजून तसाच लटकतो आहे.

कायद्याविषयी वर्गात जे सांगितले जाते ते अपुरेच नाही, तर धोक्याचे आहे. "आधी मारा, पोलिसांचं मग बघू" हे वाक्य टाळ्या घेते. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा जो हक्क दिला आहे, त्याला कलम ३७ ने स्पष्ट मर्यादा घातल्या आहेत. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि सरकारी यंत्रणेचा आसरा घ्यायला वेळ असेल तिथे हा हक्कच नसतो. हल्लेखोर खाली पडल्यावर आणखी दोन लाथा घालण्याचा जो सराव आम्ही करतो, तो या मर्यादेत कसा बसवायचा, हे एखाद्या वकिलाला बोलावून तासभर समजावून घ्यावे, असे मी सुचवले आहे. ११२ हा क्रमांक फोनवर एका हाताने कसा लावायचा, याचा सराव मात्र घेतात.

पट्ट्या आणि प्रमाणपत्रांच्या परीक्षांना दर वेळी पाचशे रुपये पडतात. त्या दिल्या नाहीत तरी शिकण्यात काही उणे राहत नाही. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची वेगळी खोली आहे, तिला आतून कडी आहे. गाडी लावायला जागा मिळणे संध्याकाळच्या त्या वेळी नशिबावर असते.

पुढच्या तीन महिन्यांची फी मी भरली आहे. नव्या गाद्या गणपतीनंतर येतील, असे सरांनी सांगितले आहे. तोपर्यंत पडण्याचा सराव मी खिडकीकडच्या कोपऱ्यात, जिथे दोन चटया एकीवर एक अंथरल्या आहेत, तिथेच करते.