खोकं खरं, विमान भलतंच

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क ९ या आवृत्तीच्या पंख्याला चार पाती. हे मला झोपेतही सांगता येईल, पण पैसे पाठवण्याआधी पाती मोजावीत हे काही सुचलं नाही.

टामिया या जपानी कंपनीचं, सुटे भाग जोडून मॉडेल बनवायचं १/३२ स्केलचं मार्क ९ हे किट २००९ साली आलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. पंखांची रुंदी साधारण ३५ सेंटिमीटर. इंजिनावरची झाकणं बारक्या चुंबकांनी बसतात, कधीही काढून आतलं मर्लिन इंजिन पाहुण्यांना दाखवावं. पातळ धातूचे फोटो-एच भागही सोबत येतात. शिपिंग आणि कस्टम्स धरून मला नवं किट पंधरा हजारांच्या वर जात होतं. जुन्या किट्सची खरेदी-विक्री करणाऱ्या एका गृहस्थांनी अकरा हजार सांगितले. "साहेब, सीलबंद आहे, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही." फोटोत चौकटीच्या मेणकापडावर ठेवलेलं चकचकीत खोकं. मी यूपीआयने सगळे पैसे एकदम पाठवले.

खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. माझ्याकडच्या टामियाच्या आधीच्या दोन्ही खोक्यांवर बाहेरून प्लास्टिक नव्हतंच, सील होत्या त्या आतल्या पिशव्या. पण हौसेपुढे अक्कल चालत नाही.

पार्सल आलं. खोकं खरं, माहितीपुस्तिका खरी, वजनही बरोबर, कारण तळाशी जुन्या मासिकांचा गठ्ठा होता. वर मात्र कुठल्याशा जुन्या साच्यातलं स्वस्त स्पिटफायर! पंखांवर मोहरीएवढे फुगीर रिव्हेट. पंख उलटा केला तर खाली एका बाजूला मोठा रेडिएटर, दुसऱ्या बाजूला चिमुकला ऑइल कूलर. ही ठेवण सुरुवातीच्या मार्कांची, मार्क ९ ला दोन्हीकडे सारखेच मोठे खोके असतात. पंख्याची पाती मोजली. तीन. चुंबक, फोटो-एच, डिकल (विमानावर चिकटवायची चिन्हं), काहीच नाही.

फोन केला तर म्हणाले, "कुरियरवाल्यांनी बदललं असेल हो." (कुरियरवाल्याकडे म्हणे स्पिटफायर तयारच होतं!) दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत. पुढे काही हललेलं नाही.

असं किट घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. आधी चुंबकांची पुडी, फोटो-एचची पट्टी आणि डिकल बघा. मोठे भाग कुणीही दाखवेल. "उघडलं तर किंमत उतरते" असं उत्तर आलं की फोन ठेवून द्या.

महिन्याभराने एका ओळखीच्याने दुसरी जाहिरात पाठवली: मार्क ९, १/३२, "खोकं हरवलंय, बाकी किट पूर्ण." साडेआठ हजार. खाली तेच चौकटीचं मेणकापड.