गावच्या भातजमिनीत मियावाकी लावावं, की बांधावरची झाडं राखावी?

मुंबईत नोकरी आणि कर्जत-मुरबाडकडे एक-दोन एकर पडीक भातजमीन, अशी बरीच घरं आहेत. आमच्या गोरेगावच्या इमारतीतच तीन. कसायला कोणी नाही आणि विकवत नाही, म्हणून "तिथे जंगल करू" असं ठरतं. चांगलंच आहे. पण त्याच्या तीन वाटा आहेत, आणि सगळ्यात गाजलेली वाट सगळ्यात शेवटी बघावी, असं माझं मत आहे.

ती वाट म्हणजे मियावाकी. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत. खोल खणायचं, खत-माती मिसळायची आणि चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं लावायची. म्हणजे एका गुंठ्यात ३०० ते ४०० रोपं, आणि दोन-तीन वर्षं पाणी व खुरपणी. मुंबईत डेब्रिज पडलेल्या उजाड तुकड्यावर हे जरूर करावं. भातखाचर मात्र उजाड नसतं. उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते, पावसात बेडूक आणि खेकडे येतात, त्यांच्या मागे बगळे. दाट झाडीत यांना जागा नाही. शिवाय मे महिन्यात तिथे पाणी कोण घालणार?

दुसरी वाट बांधांची. खाचरात गावातल्या कुणाला भात लावू द्यायचा आणि बांधावरचे ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर राखायचे. याचं मोल मला आरेतल्या एका पाड्यावर कळलं. एका वारली मावशींच्या खाचराशी जुना ऐन होता, गाठाळ, बुटका, दरवर्षी राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) उतरवलेला. मला त्याची दया आली. मावशी म्हणाल्या, "बुडातून तोडला तर एकदाच कवळ मिळंल. वरून काढते म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून पुरतोय." फांदी तोडलेल्या जागी कुजून ढोली झाली होती, आणि तिच्यातून पोपट मान काढून आमच्याकडे बघत होता. धनेश, पिंगळा, गव्हाणी घुबड यांना स्वतः ढोली कोरता येत नाही. म्हाताऱ्या झाडातली आयती ढोली त्यांच्या कामी येते. घुबड खाचरातले उंदीर खातं, ते वेगळंच. नव्या ४०० रोपांत अशी ढोली व्हायला कित्येक वर्षं जातील.

तिसरी वाट, जमीन नुसती सोडून देण्याची. पळस, ऐन, साग तोडले तरी खुंटाला फुटवे येतात, आणि जमिनीखाली मुळं तयार असल्यामुळे ते रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. खर्च कमी, पण दुर्लक्ष चालत नाही. उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढली नाही तर एका वणव्यात सगळं जातं. रानमोडी हे झपाट्याने पसरणारं परदेशी तण, ते फुलायच्या आत उपटावं लागतं. गुराख्यांशी बोलून ठेवावं लागतं. कुंपण घातलंत तर खाली वीतभर फट ठेवा, ससा-मुंगसाला जाता यावं.

निवड मी अशी करेन. गावात भात लावणारं माणूस असेल, तर बांधांची वाट, डोळे मिटून. तसं कोणी नसेल, पण महिन्यातून एक रविवार कर्जत लोकल पकडणं जमणार असेल, तर तिसरी. मियावाकी फक्त रस्त्याकडेच्या, माती उकरून नेलेल्या गुंठ्यापुरतं, तेही पाण्याची सोय असेल तर.

"आधी साफ करून देतो" म्हणणाऱ्या ठेकेदाराला मात्र जागेत पाऊल टाकू देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांच्या जमिनीत एकाने जेसीबीने पळसाची जिवंत खुंटं उपटली आणि त्याच खड्ड्यांत पळसाचीच रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी वाळली. मला अजून त्याचा राग येतो. ऐन, किंजळ, जांभूळ तर खासगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ पासून तसा कायदा आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला जाल तेव्हा आधी खुंटं मोजा, मग ढोल्या. आणि खाचरात शेवटचा भात कधी लावला ते गावात विचारा. दोन-तीन पावसाळेच झाले असतील, तर बांध अजून शाबूत असतील.