गंगापूर रोडवरचा जुन्या दुखण्याचा ग्रुप: मोजतात नीट, वाचतात चुकीचं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी ग्रुप चालतो. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, तासभर. शेक आणि करंट देऊन घरी पाठवण्याऐवजी इथे अंगमेहनत करून घेतात, ही पहिली जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू म्हणजे मोजमाप. 'दहापैकी किती दुखतंय?' एवढ्यावर भागवत नाहीत. 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, सहा मिनिटांत किती चालणं होतं आणि हालचालीची भीती किती (17 प्रश्नांचा टॅम्पा फॉर्म), हे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी नोंदवतात. दुखणं 7 वरून 5 वर आलं तर फरक पडला म्हणायचं. 7 चं 6 झालं तर त्यावर नाचू नये.

घोळ होतो तो आकडा वाचताना. खुर्चीच्या चाचणीत सगळ्यांना '12 ला पास' लावतात. प्रत्यक्षात ही रेषा वयानुसार आणि बाई की पुरुष यावरून बदलते. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला 14 पेक्षा कमी म्हणजे कमजोर, त्याच वयाच्या बाईला 12 पेक्षा कमी. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला 10 पेक्षा कमी. म्हणजे 72 वर्षांच्या आजी 11 वेळा उठल्या तर त्या ठीक आहेत, आणि अंबड एमआयडीसीतून नुकतेच निवृत्त झालेले साठीचे काका 12 वर 'पास' होऊनही कमजोरच. शिवाय खुर्ची प्लास्टिकची, गुळगुळीत फरशीवर. ती मागे सरकते, माणूस हात टेकतो आणि मोजणी बाद. पाठ भिंतीला टेकवलेली, सुमारे 43 सेंटिमीटर उंचीची पक्की खुर्ची हवी.

व्यायामाच्या रबरी बँडचंही तेच; रंगावरून त्याचा ताण ठरतो. सगळ्यांच्या हातात हिरवा. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड, दिंडोरीकडच्या बायका विरळणी-डिपिंगसाठी (घड विरळ करणं, औषधात बुडवणं) मांडवाखाली तासन्‌तास हात वर धरून असतात. त्यांच्या खांद्याला त्या दिवसांत हिरव्याहून हलका पिवळा किंवा लाल पुरे. हिरव्याने दुसऱ्या दिवशी मान धरते, आणि 'व्यायामाने वाढलं' म्हणून तिसऱ्या सेशनला खाडा.

पुरुषांची गळती वेगळ्या कारणाने. बॅच सकाळी 11 ची. सातपूरच्या शिफ्टवाल्याला ती कशी जमणार? जे येतात त्यांच्यातही, स्वीडनमधल्या पुनर्वसन-रुग्णांच्या अभ्यासात दिसलं तसं, हालचालीची भीती बायकांपेक्षा जास्त असू शकते. तिथल्या बायका दुखणं स्वीकारून कामात राहण्यात पुढे होत्या. म्हणून टॅम्पाचा आकडा फाइलीत लावून ठेवण्यात अर्थ नाही. 'वाकलो की गादी (मणक्यांमधली चकती) सरकेल' असं मानणाऱ्याला आधी रिकामी बादली, मग चतुर्थांश भरलेली, असं टप्प्याटप्प्याने उचलायला लावायचं. हे इथे होत नाही, फक्त पाठीचं चित्र दाखवतात.

चालण्याचा हिशेब मात्र झकास शिकवतात. तीन दिवस दुखणं वाढेपर्यंतची मिनिटं लिहायची: 12, 8, 10. सरासरी 10; सुरुवात त्याच्या ऐंशी टक्क्यांनी, म्हणजे 8 मिनिटं. बरं वाटो की वाईट, 8 च. आठवड्याला दहाएक टक्के वाढ. बरं वाटलं म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या चढून यायचं आणि मग दोन दिवस अंथरुणात, हा प्रकार याने थांबतो.

साठीच्या पुढच्यांना 'आता वयाचंच आहे' म्हणून परत पाठवत नाहीत, हे विशेष. तेवढी त्यांची वेदनाशामक गोळी विचारायला हवी: बीपी किंवा किडनीचा त्रास असताना रोज डायक्लोफेनॅक घेणारे निघतात, आणि ते आधी डॉक्टरला कळायला हवं.

पैसे बारा सेशनचे एकदम घेतात. भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: संध्याकाळची बॅच निघेल का, आणि पिवळा बँड आहे का.