हनीवेल आरएम ७८०० एल बर्नर कंट्रोल: आमच्या बॉयलरवरील कमिशनिंगचा अनुभव

कापड रंगवण्याच्या आमच्या कारखान्यात ताशी ३ टन वाफ देणारा बॉयलर आहे. तो फर्नेस ऑइलवरून पाइपच्या नैसर्गिक वायूवर आणायचे ठरले तेव्हा बर्नरबरोबर ज्योत-सुरक्षेचे जुने कंट्रोलही बदलले आणि त्या जागी हनीवेलच्या ७८०० मालिकेतील आरएम ७८०० एल हे मॉडेल बसवले. बर्नर पेटवणे हे काम कोणतेही कंट्रोल करते. ज्योत नसताना वायू बंद करण्याचे काम ते खरोखर करते का, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहता येते की नाही, या एका कसोटीवर मी हे परीक्षण लिहीत आहे.

आमचा जुना अनुभव वाईट होता. नवे पॅनेल जोडण्यापूर्वी जुने उघडले, तेव्हा एअर प्रेशर स्विचच्या दोन टर्मिनलांमध्ये बोटभर लांबीची निळी वायर वाकवून घट्ट बसवलेली सापडली. पूर्वीच्या एका सर्व्हिस एजन्सीच्या माणसाने ब्लोअर वारंवार ट्रिप होतो म्हणून तो इंटरलॉक (हवा नसेल तर बर्नर थांबवणारी सुरक्षा-जोडणी) बायपास केला होता आणि वायर काढायची राहून गेली होती, म्हणजे ब्लोअरचा पट्टा तुटला असता तरी कंट्रोलला हवा आहे असेच वाटत राहिले असते. दरवर्षीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) आम्ही वेळच्या वेळी करून घेत होतो आणि त्यावर निर्धास्त होतो, परंतु ती चाचणी शेल आणि ट्यूब यांच्याविषयी सांगते, बर्नरच्या वायरिंगविषयी काहीच सांगत नाही. ती वायर मी आजही टेबलाच्या खणात ठेवली आहे.

कमिशनिंगसाठी, म्हणजे बसवलेले कंट्रोल तपासून चालू करून देण्यासाठी, पुण्याहून आलेल्या सर्व्हिस इंजिनियरांनी पॅनेलला हात लावण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारला, तो बर्नर दिवसातून किती वेळा बंद होतो हा. आमच्याकडे तीन पाळ्या चालतात आणि सोमवारी पेटलेला बॉयलर अनेकदा शनिवारी रात्रीच थांबतो. ज्योत ओळखणारा साधा अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टर अशा ठिकाणी चालत नाही, कारण त्यातील ट्यूब जुनी झाली की ज्योत नसतानाही ती ज्योत असल्याचा सिग्नल देत राहू शकते, आणि ही खोट बर्नर थांबून पुन्हा सुरू होताना होणाऱ्या तपासणीतच पकडली जाते. जो बर्नर सहा दिवस थांबतच नाही, त्यात ती सहा दिवस लपून राहील. म्हणून त्यांनी आमच्या ऑर्डरमधील मिनीपीपर हा साधा डिटेक्टर बाजूला ठेवायला लावला आणि सी ७०६१ हा शटर असलेला डिटेक्टर, त्याच्या जोडीच्या आर ७८६१ अ‍ॅम्प्लिफायरसह, मागवायला लावला. या डिटेक्टरमधील शटर चालू बर्नरवरही सतत उघडमीट करून ट्यूबची परीक्षा घेत असतो. खर्च वाढला आणि चार दिवस गेले, तरीही हा सल्ला मला संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रत्यक्ष चाचणी सुरू झाली ती मुख्य वायूचा हाती चालणारा व्हॉल्व्ह बंद ठेवूनच. आधी साबणाच्या पाण्याने गॅस ट्रेनचा, म्हणजे बर्नरपर्यंतच्या वायूच्या पाइप-व्हॉल्व्हच्या रांगेचा, प्रत्येक सांधा पाहिला गेला. नंतर सोलेनॉइड (विजेवर चालणारा वायूचा व्हॉल्व्ह) बंद असताना त्याच्या पुढच्या टेस्ट पॉइंटला रबरी नळी लावून तिचे टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवले गेले आणि आम्ही सगळे त्या ग्लासाकडे बुडबुडा येतो का पाहत उभे राहिलो. कंट्रोल केवळ वीज तोडते. वायू थांबवतो तो व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा असेल तर कितीही चांगले कंट्रोल उपयोगाचे नाही. बुडबुडा आला नाही, तेव्हाच पुढचे पाऊल टाकले गेले.

या मॉडेलची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पुढच्या बाजूला असलेला रन-टेस्ट स्विच. पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, पेटण्याच्या टप्प्यात, दहा सेकंदांचा अवधी निवडला असेल तर पहिल्या आठ सेकंदांत, हा स्विच टेस्टवर नेला की सिक्वेन्स तिथेच थांबतो आणि पायलटची ज्योत तपासायला निवांत वेळ मिळतो. ज्योतीचा सिग्नल डिस्प्लेवर थेट व्होल्टमध्ये दिसतो आणि मल्टिमीटर लावण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरवर वेगळ्या पिनाही आहेत. किमान १.२५ व्होल्ट हवेत आणि कमाल ५ व्होल्ट मिळतात. आमच्याकडे पायलटवर तीनच्या थोडे वर व्होल्ट येत होते.

पायलट टर्नडाउन ही चाचणी आमच्याकडे यापूर्वी कोणी केलीच नव्हती. पायलटच्या वायूचा दाब हळूहळू कमी करत न्यायचा, ज्योत इतकी लहान करायची की कंट्रोलने ती जेमतेम ओळखावी, आणि मग त्या मरतुकड्या ज्योतीवर मुख्य बर्नर पेटतो का ते पाहायचे. मुख्य वायू एका सेकंदाच्या आत, धक्का न बसता पेटला पाहिजे. डिटेक्टरला दिसणारी ज्योत जर मुख्य वायूपर्यंत पोहोचतच नसेल, तर कंट्रोल ज्योत आहे असे समजून व्हॉल्व्ह उघडेल, भट्टीत न पेटलेला वायू भरेल, आणि तो उशिरा पेटला तर स्फोट होईल. आमच्या पहिल्या प्रयत्नात मुख्य वायू पेटलाच नाही. हाती चालणाऱ्या व्हॉल्व्हवरच हात ठेवून उभ्या असलेल्या इंजिनियरांनी तो क्षणात बंद केला, वीज तोडली आणि ब्लोअर बराच वेळ चालू ठेवून भट्टी स्वच्छ केली. डिटेक्टर पायलटच्या मुळाशी असलेल्या वळशाकडे पाहत होता, असे कारण निघाले. बॉल-जॉइंटच्या माउंटिंगवर त्याचा कोन थोडा बदलला, जेणेकरून पायलट मोठा असेल तरच तो दिसावा आणि लहान असेल तर दिसू नये. पुन्हा सगळे सुरुवातीपासून केले. तिसऱ्या वेळी सर्वांत लहान पायलटवरही मुख्य बर्नर मऊपणे पेटला, आणि तसा तो पुढे अनेकदा पेटतो हे पाहिल्यावरच ती चाचणी पुरी झाली. आमचे बॉयलर अटेंडंट वीस वर्षे या कामात आहेत; ‘साहेब, पायलट दिसला की झालं असंच आम्ही समजत होतो,’ असे ते त्या दिवशी म्हणाले.

पुढच्या चाचण्या लवकर झाल्या. दोन्ही वायू बंद ठेवून केवळ स्पार्क दिला, तेव्हा डिटेक्टरचा सिग्नल ०.६ व्होल्टच्या खालीच राहिला, म्हणजे स्पार्कला तो ज्योत समजत नाही. पायलटचा वायू बंद ठेवून सुरुवात केली, तर डिस्प्लेवर २८ क्रमांकाचा फॉल्ट येऊन लॉकआउट झाला, म्हणजे हाताने रिसेट करेपर्यंत बर्नर बंदच. चालू बर्नरवर हाती चालणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तर साधारण तीन सेकंदांत १७ क्रमांकाचा फॉल्ट आला. एअर प्रेशर स्विचची नळी काढून पाहिली, पाण्याची पातळी मुद्दाम खाली आणून पाहिली, वाफेच्या दाबाचा स्विच खाली सेट करून पाहिला, आणि प्रत्येक वेळी बर्नर थांबला. शेवटचे सहा फॉल्ट हे कंट्रोल स्वतःजवळ नोंदवून ठेवते, त्यामुळे रात्रपाळीत काय झाले याविषयी सकाळी वाद होत नाही.

त्रुटीही आहेत. पायलटचा अवधी आणि ज्योत गेल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा की लॉकआउट, हे ठरवणारे जंपर (सर्किटमधील छोटे जोड) कापून सेट करावे लागतात, आणि कापलेला जंपर परत जोडता येत नाही. म्हणून पक्कड उचलण्यापूर्वी बर्नरच्या उत्पादकाचे कागद दोघांनी वाचलेले बरे. ज्योत गेल्यावर लॉकआउट हाच पर्याय आम्ही घेतला. रन-टेस्ट स्विच रिसेटच्या बटणाजवळच आहे आणि कोणी तो टेस्टवर विसरला की सिक्वेन्स मध्येच अडकून बसतो. डिस्प्लेवरील संदेश इंग्रजीत येतात, म्हणून आम्ही महत्त्वाच्या बारा फॉल्टचे अर्थ मराठीत लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवले आहेत आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिले आहे की लॉकआउट झाल्यावर एकदाच रिसेट करायचे, दुसऱ्यांदा झाले तर वायू बंद करून फोन करायचा. लागोपाठ रिसेट दाबत राहण्याची सवय बॉयलर हाउसमध्ये फार खोलवर गेलेली आहे आणि ती मोडायला आम्हाला महिनाभर लागला.

कंट्रोल तुलनेने महाग आहे आणि सबबेस (कंट्रोल ज्यावर बसते ती वायरिंगची बैठक), अ‍ॅम्प्लिफायर, पर्ज कार्ड (पेटवण्यापूर्वी भट्टीत किती वेळ हवा खेळवायची ते ठरवणारे), डिटेक्टर हे सगळे वेगवेगळे घ्यावे लागते, त्यामुळे कोटेशन वाचताना कोणता भाग त्यात नाही हे आधी पाहावे. दिवसातून एकदा तरी थांबणाऱ्या लहान बर्नरला इतकी तयारी लागणार नाही. सतत चालणाऱ्या वायूच्या बर्नरसाठी मात्र मी हेच घेईन. ऑर्डर देताना कमिशनिंगचे दोन पूर्ण दिवस करारात लिहून घ्यावेत, त्यात पायलट टर्नडाउनचा नावानिशी उल्लेख असावा, आणि पायलटचा दाब, सिग्नलचे व्होल्ट व लॉकआउटला लागलेले सेकंद हे तिन्ही आकडे आपल्या अटेंडंटच्या सहीसह नोंदवलेला कागद हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. आमचा कागद पॅनेलच्या आत प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे आणि दर महिन्याचा सिग्नल अटेंडंट त्याच्याच खाली लिहितात.