रास्पबेरी पायवर एडीएस१११५ चे दोन बोर्ड लावले, त्याचा अनुभव

पाचपैकी साडेतीन स्टार. एडीएस१११५ म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज मोजून त्याचा आकडा देणारा बोर्ड. बोर्ड खराब नाही, एकटा लावला तर लय मस्त चालतो, पण दोन घ्यायचे असतील तर ऑर्डर टाकायच्या आधी हे वाचाच कारण माझे दहा दिवस गेले आणि मोसंबीच्या दोन ओळी ऐन एप्रिलात तहानल्या.

आमचं शेत घनसावंगी तालुक्यात, मोसंबी, सगळं ठिबकवर. लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, रात्री दोनला उठून अण्णा व्हॉल्व्ह फिरवायला जायचे ते मला बघवत नव्हतं म्हणून रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेतला आणि त्याच्यावर मातीतली ओल मोजणारे आठ सेन्सर, व्हॉल्व्ह चालू-बंद करायला रिले बोर्ड, जमिनीच्या तापमानाला एक डीएस१८बी२० थर्मामीटर आणि टाईमसाठी डीएस३२३१ घड्याळ असं सगळं बसवलं. (पाय ५ मधे घड्याळ आतच आलंय, वरून फक्त सेल जोडायचा, ४ मधे ते नाही, त्यामुळे लाईट जाऊन आली आणि नेट नसलं की टाईम मागंच राहतो.) पायला ॲनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारं व्होल्टेज वाचायची सोय) नसतंच म्हणून हे एडीएस१११५ वाले बोर्ड लागतात, एका बोर्डावर चार सेन्सर, मला आठ पाहिजे होते म्हणून दोन घेतले आणि एकावर एक चढवले.

पहिले तीन दिवस आकडे येत होते, ग्राफ पण छान दिसायचा, मला वाटलं झालं काम. चौथ्या दिवशी अण्णा बांधावरून आले आणि म्हणाले, "आरं, त्या खालच्या दोन ओळीची पानं कोमायलीत, तुझं मशीन काय सांगायलंय?" मशीन सांगत होतं वाफसा आहे, पाणी नको. मी जाऊन हाताने माती उकरली तर वीतभर खाली पण भुसभुशीत कोरडी, मुठीत दाबली तरी गोळा होत नव्हता. व्हॉल्व्ह हाताने सोडला आणि घरी येऊन बसलो.

आधी कोड तपासला, मग सेन्सर बदलले, मग वायरी. शेवटी सगळे बोर्ड उतरवून टर्मिनलवर आयटूसीडिटेक्ट वाय वन ही कमांड मारून (आयटूसी म्हणजे सगळे बोर्ड पायशी बोलतात त्या सामाईक तारा, त्यावर कोणकोणते पत्ते आहेत ते ही कमांड दाखवते) एकेक बोर्ड परत चढवत गेलो (दर वेळी पाय बंद करून, चालू पायवर बोर्ड काढू-घालू नका). एक बोर्ड लावला, पत्ता ४८ दिसला. दुसरा लावला, तरी ४८ एकदाच. तेव्हा डोक्यात उजेड पडला, दोन्ही बोर्डांचा पत्ता कंपनीतूनच ४८ येतो! एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर, पायने हाक मारली की दोघंही "ओ" देतात.

आता दोघं एकदम बोलले तर एरर यायला पाहिजे असं वाटतं ना, पण एरर येत नाही आणि खरा घात तिथंच आहे. आयटूसीच्या तारेवर कोणीही शून्य ओढलं की तार शून्यच होते, एक म्हणणाऱ्याचं चालत नाही, म्हणजे दोन्ही आकड्यांत जिथं जिथं दोघांचाही बिट (बायनरीतला ० किंवा १) एक आहे तेवढेच एक उरतात. मी नंतर एकेक बोर्ड काढून मोजलं, कोरड्या ओळीतल्या सेन्सरचा आकडा २०८००, ओल्या ओळीतल्याचा १६८००, आणि दोन्ही सोबत लावले की दोन्हीकडून १६६४०. कागदावर बायनरी मांडून बघितलं, तंतोतंत जुळलं. म्हणजे आकडा दोघांपेक्षा कमीच येणार, फार तर लहान आकड्याएवढा, कधीच जास्त नाही. आणि हे कपॅसिटिव्ह सेन्सर असतात त्यांच्यात कोरड्याचा आकडा मोठा आणि ओल्याचा लहान. म्हणून कोरडी ओळ रोज ओली दिसत होती आणि व्हॉल्व्ह उघडतच नव्हता.

चिपचा यात काही दोष नाही हे आधी सांगतो. एडीएस१११५ ला ॲड्रेसची एक पिन असते, ती ग्राउंडला जोडली तर ४८, व्हीडीडीला (पॉवरची पिन) ४९, एसडीएला ४ए, एससीएलला ४बी (या दोन आयटूसीच्याच तारा), असे चार बोर्ड म्हणजे सोळा सेन्सर एका पायवर आरामात बसतात. माझी तक्रार बोर्ड बनवणाऱ्यावर आहे. पत्ता बदलायचे पॅड (सोल्डरने जोडायचे ठिपके) त्यांनी खालच्या बाजूला दिलेत, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, एकदा बोर्ड चढवला की दिसत पण नाहीत, आणि सोबतच्या कागदावर याचा एक शब्द नाही. दोन-दोन बोर्ड एकाच ऑर्डरमधे विकता तर एवढं तरी छापा की राव.

अजून एक, ग्राउंडचा पॅड कंपनीतूनच जोडलेला येतो. तो आधी सोल्डर विकने (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची पट्टी) साफ करून मगच व्हीडीडीचा जोडायचा, दोन्ही राहिले तर ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड थेट एकत्र येतात आणि पायचा जीव जाऊ शकतो. माझ्याकडं बारीक टोकाचा सोल्डर गन नव्हता म्हणून अंबडला एका टीव्ही रिपेअरवाल्या काकांकडं गेलो, त्यांनी भिंग लावून पाच मिनिटात केलं, मीटर लावून शॉर्ट नाही ना ते तपासून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. काका, तुमचे लय उपकार.

पॉवर पण बघा. बोर्डाला ५ व्होल्ट देऊ नका, ३.३ च द्या, कारण बोर्डावरचे पुलअप रेझिस्टर आयटूसीच्या तारा त्याच व्होल्टेजला ओढतात आणि पायच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत.

त्याच चढवाचढवीत दुसरा पण गोंधळ सापडला, तो या बोर्डाचा नाही पण कामाला येईल. डीएस१८बी२० डिफॉल्टला पायच्या जीपीआयओ ४ या पिनवर असतो आणि माझ्या रिले बोर्डाचा पहिला रिले पण ४ वरच, त्यामुळे थर्मामीटरच्या जागी ०० ने सुरू होणारी भुताटकी नावं यायची, खऱ्या सेन्सरचं नाव २८ ने सुरू होतं. कॉन्फिग फाईलमधे वन वायरची (थर्मामीटर ज्या एका तारेवर बोलतो तिची) पिन बदलून १७ केली, माझ्याकडं ती मोकळी होती, आणि सुटलं. जुन्या व्हिडिओत ही फाईल सरळ बूट फोल्डरमधे दाखवतात, पायच्या ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमधे आहे. आणि पत्त्यांच्या लिस्टमधे घड्याळाच्या ६८ च्या जागी यूयू दिसला तर घाबरू नका, घड्याळ चालू आहे आणि कर्नलने (ओएसचा गाभा) ते ताब्यात घेतलंय एवढाच त्याचा अर्थ, मी त्या यूयूपायी एक संध्याकाळ घालवली.

आता सव्वा महिना झाला, ४८ आणि ४९ दोन्ही दिसतात, आठही आकडे वेगवेगळे येतात आणि माती उकरून बघितली तर जुळतात. आकडे नाचत नाहीत, पन्नास फूट वायर असून पण. त्या दोन ओळींची थोडी फळगळ झाली, बाकी झाडं सावरली. अण्णा अजून रोज सकाळी खालच्या ओळीत जाऊन मूठभर माती दाबून बघतात आणि मग मला आकडा विचारतात.

वरच्या बाजूला मी पांढऱ्या मार्करने मोठ्ठं ४८ आणि ४९ लिहून ठेवलंय. तिसरा बोर्ड पण याच कंपनीचा मागवलाय, तो आला की चढवायच्या आधी ४ए करायला काकांकडं नेणार.