पॉवर विंडोची मशीन बदलून अकरा महिने झाले: मशीन चांगली, पण दारातला प्लास्टिकचा कागद फेकू देऊ नका

ड्रायव्हरकडची काच दारात पडली ती धोपाव्याच्या जेटीवर. गेल्या वर्षीचा मेचा शेवटचा आठवडा होता. मागच्या सीटवर कोकम आगळाच्या बाटल्यांचे सहा खोके होते, ते दापोलीच्या दुकानांना पोचवायचे होते. फेरीबोटीच्या तिकिटासाठी काच खाली केली, पैसे दिले आणि बटण वर ओढलं. दारात कर्रर्र झालं, काच दोन बोटं वर आली, तिरकी झाली आणि धाडकन आत गेली. मग कितीही बटण ओढलं तरी मोटर फिरल्याचा आवाज येई, काच काही हले ना. दाभोळच्या बाजूला उतरेपर्यंत वळवाची सर आली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदराने माझा खांदा झाकला आणि दापोलीपर्यंत मी तशीच भिजत गाडी चालवली.

मोटरचा आवाज येतो आणि काच हलत नाही, म्हणजे बहुधा फ्यूज, स्विच, मोटर तिन्ही शाबूत आहेत आणि मशीन, म्हणजे मोटरच्या जोरावर काच धरून वर-खाली नेणारी यंत्रणा, गेली आहे. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. आवाजच येत नसेल, तर आधी फ्यूज आणि स्विच बघून घ्या. दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरही बघा, दार उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात. हे सगळं झाल्यावरच दार खोलायला द्या.

गाडी २०१४ ची, मशीन केबलची. कंपनीच्या वर्कशॉपने मोटरसकट ६,८०० रुपये सांगितले. मशीन सुटी देता का, असं विचारलं तर ‘सेटच येतो’. माझी मोटर फिरत होती, तिचे पैसे दुसऱ्यांदा का भरायचे? एक आगळाची बाटली विकून मला किती सुटतात ते मला माहीत आहे, त्यामुळे तो आकडा ऐकून रागच आला. चिपळुणात स्पेअरपार्टच्या दुकानात तीच मशीन, बाहेरच्या बनावटीची, बिनमोटरची, १,६५० ला मिळाली. गॅरेजवाले मेस्त्री म्हणाले, “ताई, जुनी ९०० मध्ये आणून देतो, मोटरसकट.” मी नको म्हटलं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा किती गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या गाड्यांचे भाग पुढे कुठे कुठे गेले, कोण सांगणार? गाळात बसलेली मोटर चार दिवस फिरेल आणि भर पावसात थांबेल. आमच्या भागात जुना इलेक्ट्रिकचा भाग घेताना गाडीचा इतिहास कळत नसेल तर घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

काम दीड तासात झालं. मी तिथेच स्टूलवर बसून सगळं पाहिलं. आधी हँडलमागचा आणि हाताच्या कप्प्यातला स्क्रू काढला, मग क्लिपा सोडवत डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, ओढला. काच हाताने वर उचलून फ्रेमला टेपने चिकटवून ठेवली, तिचे दोन बोल्ट भोकातून सोडवले आणि जुनी मशीन तिरकी करून बाहेर काढली. ती मी घरी आणली, अजून आहे. केबलच्या बारीक तारा ड्रमपाशी, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या चाकापाशी, एकेक करून गंजून तुटल्यात, गोळा झालाय. काच धरणाऱ्या नायलॉनच्या तुकड्यालाही तडा गेलाय. गाडी आमच्या अंगणात उभी असते आणि समुद्र दोनशे पावलांवर आहे. आठवड्यातून दोनदा तरी फेरीवर खाऱ्या वाऱ्यात काच वर-खाली होते. दहा वर्षं टिकली, हे त्या केबलचं कौतुकच म्हणायला हवं.

जुनी मोटर तीन स्क्रूंवर नव्या मशीनला बसली. इथे मेस्त्रींनी एक गोष्ट फार चांगली केली. मोटर चढवताना नवा ड्रम अंगठ्याने दाबून धरला, कारण तो सुटला तर केबल उसळून मोकळी होते आणि परत गुंडाळणं जिकिरीचं. मजुरी ५००. एकूण २,१५०. त्या दिवशी मी खुशीत होते, ज्याला त्याला सांगत होते की कंपनीकडे जाऊ नका.

ती खुशी महिनाभर टिकली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरकडची चटई ओली लागली. छत्रीचं पाणी असेल म्हणून सुकवली. दोन दिवसांनी पुन्हा ओली. मग कुबट वास यायला लागला, डोअर पॅडच्या खालच्या कडेला थेंब दिसायला लागले, स्पीकर खरखरला. स्वस्तातल्या मशीनमुळे काच नीट बसत नसणार, फटीतून पाणी येत असणार, असं धरून मी दुकानदाराशी फोनवर वाद घातला. त्या माणसाचा काहीही दोष नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

दोष होता कागदाचा. डोअर पॅड काढला की मागे दाराच्या पत्र्यावर एक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. मशीनपर्यंत हात जावा म्हणून मेस्त्रींनी तो फाडला होता आणि फाटका कागद डब्यात टाकला होता. मी समोर बसून पाहिलं आणि एक शब्द बोलले नाही, कारण मला तो कारखान्यातलं वेष्टण वाटला होता. गॅरेजला जाऊन विचारलं तर मेस्त्री म्हणाले, “त्या कागदाने काय होतं ताई? निम्म्या गाड्यांना नसतो.” मी तिथे आवाज चढवला. निम्म्या गाड्यांना नसतो, कारण निम्म्या गाड्यांचा असाच कुठल्यातरी गॅरेजच्या डब्यात गेलेला असतो!

हे नीट समजून घ्या. पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच. काचेलगतची बाहेरची रबर पट्टी ते पूर्ण अडवत नाही आणि तशी तिच्याकडून अपेक्षाही नसते. पाणी काचेवरून ओघळत दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पोटात उडणारे शिंतोडे आणि आतल्या पत्र्यावरून येणारे ओघळ गाडीच्या बाजूला येऊ नयेत, म्हणून तो कागद. आणि त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून आत, दाराच्या पोटाकडे वळवलेली असते, म्हणजे कागदावरून उतरलेलं पाणी परत आतच पडतं. ती कड बाहेर राहिली, तर चांगला कागद लावूनही पाणी सरळ तुमच्या चटईवर येईल. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात हा कागद म्हणजे घराच्या पागोळीखालची पन्हळ आहे. पन्हळ काढून टाकली तर भिंत ओली होणारच.

श्रावणात एक कोरडा दिवस मिळाला तेव्हा मी आणि नवऱ्याने दार स्वतः खोललं. क्लिपा तीन तुटल्या, त्या दहा रुपयांना एक मिळतात. जुन्या कागदाचा नमुना नव्हता, म्हणून पुठ्ठा पत्र्यावर धरून भोकं आखून घेतली. कलमांच्या मांडवासाठी आणलेलं जाड प्लास्टिक घरात होतं, ते कापलं. गोंद म्हणून ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी वापरली, १८० रुपये. साधी सेलोटेप लावू नका, दमट हवेत ती आठ दिवसांत सुटते. खालची कड आत वळवली. मग सहज दाराच्या तळाची भोकं तारेने खरवडली, तर जांभ्याच्या लाल मातीचा चिखल निघाला, चांगला मूठभर. भोकं तुंबली होती म्हणून पाणी पोटात साचत होतं आणि माझी दोनशे पावलांवरची खारी हवा त्यावर काम करत होती. काचेची केबल आतून का गंजली, याचं निम्मं उत्तर मला त्या चिखलात सापडलं. आता दर महिन्याला चारही दारांची भोकं मी तारेने साफ करते, पाच मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर गणपतीपर्यंत मुसळधार पाऊस झाला, चटई कोरडी राहिली.

ऑक्टोबरात मशीनबद्दल माझं मत पुन्हा फिरलं. काच वर यायला वेळ लावू लागली, शेवटच्या चार बोटांना तर अडखळायची. ‘स्वस्त ते शेवटी स्वस्तच’ असं मी मनात म्हटलंही. पण या वेळी फोन करण्याआधी बघितलं. काच ज्या रबरी चॅनलमधून सरकते, त्यात मीठ आणि धूळ मिळून पापुद्रा जमला होता, रबर कडक झालं होतं. ओल्या फडक्याने दोन्ही चॅनल पुसले, सुकवले, सिलिकॉनचा स्प्रे मारला. आधी पूर्ण वर यायला सात सेकंद लागत होते, आता चार लागतात, मी मोबाइलवर मोजलंय. तेल किंवा ग्रीस घालू नका. खनिज तेलाने रबर फुगतं, आणि चिकटपणावर धूळ बसून पुन्हा तेच होतं. काच जड चालत असेल तर नवी मशीन लावूनही भार केबलवरच येतो, म्हणून मशीन बदलताना चॅनल साफ करून घ्या. हे मेस्त्रींनी त्याच दिवशी करायला हवं होतं.

आज अकरा महिन्यांनी मशीनबद्दल तक्रार एकच आहे: काच खाली पूर्ण गेली की शेवटी टक असा आवाज येतो, जुन्या मशीनला तो नव्हता. काच ढिली वाटत नाही, हाताने दाबली तर खाली सरकत नाही, केबलवर अजून गंज नाही. श्रावणात दार उघडलं तेव्हा केबलला आणि बोल्टना मी हलकं ग्रीस लावलं होतं, रबरापासून लांब. १,६५० रुपये वसूल झाले असं मी म्हणेन. कागद, पट्टी, क्लिपा आणि स्प्रे धरून सगळा हिशोब २,७०० च्या आत बसला. ६,८०० च्या समोर हा फरक आमच्या घरात मोठा आहे.

गेल्या आठवड्यापासून मागच्या डाव्या दाराची काच कर्रर्र करायला लागली आहे. पाऊस तोंडावर आहे, मशीन कालच चिपळूणहून आणली. दुकानदाराची गेल्या वर्षीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, त्यांनी चहा पाजला. रविवारी दार घरीच खोलायचं ठरलंय. कागद पूर्ण काढणार नाही. उन्हात गोंद मऊ झाला की खालून ब्लेडने अर्धाच सोडवणार आणि काम होईपर्यंत वर टेपने चिकटवून ठेवणार.