पुढच्या दाताचा चिकटवलेला तुकडा : नऊ महिने वापरून

जुलैत कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, म्हणजे म्हशीचं ताजं दूध समोर काढून देतात तिथं, शेणावरून पाय घसरला आणि तोंड थेट दगडी कडेवर आपटलं. वरचा पुढचा दात तिरका तुटला. तुकडा जिभेवरच होता. पडलेला दात दुधात ठेवतात, एवढं ऐकून माहीत होतं, म्हणून गवळ्याकडं अर्धा पेला दूध मागितलं. तो तुकडा बघून म्हणाला, "दुधाचा दात व्हय ओ?" ओठातनं रक्त येत होतं, तरी हसू आलं.

सकाळी पहिल्या दवाखान्यात बघता बघता रूट कॅनाल आणि कॅप सांगितली. मन घेईना, म्हणून दुसरीकडं गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे काढला, गारेगार कापूस दाताला लावला. मी दचकलो तशा म्हणाल्या, "बरं झालं, नस जिवंत आहे, उघडीही पडलेली नाही." दूध लागतं ते मुळासकट निखळलेल्या दाताला, मुळावरच्या पेशी जगाव्यात म्हणून, तुटक्या तुकड्याला नुसतं पाणीही चालतं. सुकू द्यायचा नाही, सुकला की खडूसारखा पांढरा दिसतो.

मग तुकडा चिकटवला: दात खरखरीत करणारी निळी जेल लावून धुतली, बाँड म्हणजे चिकटद्रव, मधे कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, ते घट्ट व्हायला वरून निळा लाइट. भूल नाही, पाऊण तास, १८०० रुपये.

पहिले पंधरा दिवस रंकाळ्यावरचा वारा तोंडात गेला तरी दात झिणझिणायचा. नंतर थांबलं. दीड महिन्यानं तपासणी झाली. नस पुढं काही महिन्यांनी गुपचूप मरू शकते, दात करडा पडतो, म्हणून दुखत नसलं तरी दाखवायला जायचं. मी रोज सकाळी आरशात रंग बघतो, बायको वैतागली आहे.

तांबड्या रश्शानं काही होत नाही. चहानं मात्र जोडाची रेघ पिवळट झाली होती; सहाव्या महिन्यात पॉलिश केल्यावर पिवळेपणा गेला. उजेडात ओठ वर केला तरच आता रेघ दिसते.

खरी अडचण चावण्याची. कणीस, पेरू, नळीचं हाड, सगळं दाढेनं. डिसेंबरात पावण्यांच्या मळ्यात विसरून उसाचं कांडं पुढच्या दातानं सोलायला घेतलं आणि कट्ट असा आवाज आला. पोटात गोळा! जीभ फिरवून बघितली, तुकडा जागेवर होता. फुटलं होतं ते उसाचं पेर. सासऱ्यांनी न बोलता कांडं काढून घेतलं आणि विळ्यानं करवे करून पुढ्यात ठेवले.